पायाखालची माती : मानके काय विचारतात आणि काय विचारत नाहीत

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. मानकांचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. मानक म्हणजे जणू कायदा, तो पाळायचा किंवा मोडायचा, त्याच्याशी वाद कसला घालायचा, अशी आपली समजूत असते. वास्तविक मानक हेही माणसांनी केलेले लेखनच आहे. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काही प्रदेश, काही तऱ्हेच्या इमारती आणि काही प्रयोग असतात. जे डोळ्यांसमोर नसते ते मानकात उतरत नाही.

या लेखासाठी आम्ही तीन भारतीय मानके घेतली आहेत. तिन्हींचा संबंध पाणी पिऊन फुगणाऱ्या आणि सुकल्यावर आकसणाऱ्या मातीशी आहे. पहिले आयएस १४९८ (१९७०). यात मातीचे वर्गीकरण आहे आणि माती किती फुगेल याच्या श्रेणी सांगणारा एक तक्ता आहे. दुसरे आयएस २७२० चा ४० वा भाग (१९७७). यात मातीचा 'मुक्त फुगवण निर्देशांक' काढण्याची रीत आहे. तिसरे आयएस २९११ चा ३ रा भाग (१९८०). यात अशा जमिनीत 'अंडर-रीम्ड पाइल' म्हणजे तळाजवळ कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घालून पाया कसा बांधावा हे सांगितले आहे. ही मानके कशी आहेत हे पाहण्यासाठी आम्ही कसोटी म्हणून ठाणे, कल्याण आणि डोंबिवली हा पट्टा निवडला आहे. कारण येथे दोन अगदी वेगळ्या स्वभावांच्या जमिनी एकमेकींना लागून आहेत, आणि मानकांच्या तक्त्यात त्या दोन्ही एकाच रकान्यात जाऊन बसू शकतात.

शिक्षकांच्या मासिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न पडेल. कारण असे की फुगणाऱ्या मातीचा सर्वांत जास्त त्रास उंच इमारतींना होत नाही. तो होतो बैठ्या चाळींना, कुंपणाच्या भिंतींना, स्वच्छतागृहांना आणि एकमजली शाळांना.

रंगावरून माती ओळखावी काय?

भूगोलाच्या तासाला आपण रेगूर मातीची माहिती देतो. ती बेसाल्ट खडकापासून तयार होते, ओल धरून ठेवते, कापसाला चांगली असते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, एवढे मुलांना पाठ असते. यातील एकही विधान चूक नाही. पण मांडणीमुळे मुलांची समजूत अशी होते की माती काळी आहे म्हणून ती फुगते. रंग आणि फुगणे यांचा असा कार्यकारणसंबंध नाही. मातीचा काळेपणा तिच्यातील लोहयुक्त खनिजांमुळे आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेल्या सेंद्रिय द्रव्यामुळे येतो. फुगण्याचे काम 'मॉन्टमोरिलोनाइट' हे वेगळेच खनिज करते. फ्रान्समधील मॉन्टमोरिलों या गावावरून त्याला हे नाव मिळाले. हे खनिज ज्यात भरपूर असते ते बेंटोनाइट पुष्कळदा पांढुरके किंवा फिकट पिवळसर असते, आणि काळ्या मातीपेक्षा कितीतरी जास्त फुगते.

या खनिजाची रचना पातळ पापुद्र्यांची असते. प्रत्येक पापुद्र्यावर ऋण विद्युतभार असतो आणि तो भार भागवण्यासाठी दोन पापुद्र्यांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियम यांसारखे धन आयन बसलेले असतात. पापुद्रे एकमेकांना घट्ट बांधलेले नसल्याने पाणी त्या आयनांकडे ओढले जाते आणि पापुद्रे दूर सरतात. सुक्या अवस्थेत दर पापुद्र्यामागे सुमारे १० अँगस्ट्रॉम असलेले अंतर पाण्याचे थर शिरल्यावर १५ ते १९ अँगस्ट्रॉमपर्यंत जाते. सोडियम जास्त असेल तर त्याहूनही पुढे. अशा एका ग्रॅम खनिजाचे एकूण पृष्ठफळ सुमारे ८०० चौरस मीटर भरते. याउलट लाल जांभ्या मातीत आढळणाऱ्या केओलिनाइटचे पापुद्रे हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरत नाही आणि एका ग्रॅमचे पृष्ठफळ दहा-वीस चौरस मीटरच भरते. दोन्ही 'चिकणमाती'च, पण एक फुगते आणि दुसरी जवळजवळ फुगत नाही.

दोन मोजपात्रांचा प्रयोग

आता १९७७ च्या मानकाकडे वळू. त्यातील प्रयोग इतका सोपा आहे की शाळेच्या प्रयोगशाळेत तो सहज करता येतो, आणि याबद्दल मानक लिहिणाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत सुकवलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल १०० च्या खुणेपर्यंत भरायचे. ढवळून हवेचे बुडबुडे काढून टाकायचे आणि किमान २४ तास दोन्ही पात्रे स्थिर ठेवायची. रॉकेलचे रेणू ध्रुवीय नसल्याने ते पापुद्र्यांमध्ये शिरत नाहीत. म्हणून रॉकेलमधील माती हे तुलनेचे माप. समजा, रॉकेलमधील मातीचे आकारमान १० मिलिलिटर भरले आणि पाण्यातील मातीचे १८. फरक ८, म्हणून निर्देशांक ८० टक्के.

१९७० च्या मानकातील तक्त्याप्रमाणे निर्देशांक ५० च्या आत असेल तर फुगण्याचे प्रमाण कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि २०० च्या पुढे अति जास्त. त्याच तक्त्यात मातीच्या द्रवता मर्यादेवरूनही श्रेणी दिल्या आहेत : २० ते ३५ कमी, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ७० जास्त, ७० ते ९० अति जास्त. द्रवता मर्यादा म्हणजे माती घट्ट लगद्यासारखी न राहता वाहू लागण्याच्या बेतात असते तेव्हा तिच्यात असलेले पाणी, सुक्या मातीच्या वजनाच्या टक्केवारीत.

प्रयोगाची पहिली उणीव संशोधकांनी फार पूर्वी दाखवून दिली आहे. केओलिनाइट जास्त असलेली माती रॉकेलमध्ये टाकली की तिचे कण एकमेकांना चिकटून पिंजलेल्या कापसासारखे सैल गोळे होतात आणि ती पाण्यापेक्षा रॉकेलमध्ये जास्त जागा व्यापते. मग निर्देशांक ऋण येतो! माती उणे वीस टक्के फुगली, या वाक्याला अर्थ नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ए. श्रीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच या निर्देशांकाची व्याख्या बदलावी असे सुचवले. पुढे २००० साली श्रीधरन आणि के. प्रकाश यांनी साधे गुणोत्तर वापरण्याची पद्धत मांडली : पाण्यातील आकारमान भागिले रॉकेलमधील आकारमान. ते १ किंवा त्याहून कमी असेल तर फुगणे नगण्य, १ ते १.५ कमी, १.५ ते २ मध्यम, २ ते ४ जास्त, ४ च्या पुढे अति जास्त. वरच्या उदाहरणात ते १.८ येते. या गुणोत्तराने फुगण्याबरोबरच खनिजाचाही अंदाज येतो : १ च्या आत केओलिनाइटचा वरचष्मा, १.५ च्या पुढे मॉन्टमोरिलोनाइटचा. तीच पात्रे, तीच माती आणि तेवढेच कष्ट, पण उत्तर अधिक अर्थपूर्ण.

दुसरी उणीव आम्हांला जास्त महत्त्वाची वाटते. हा प्रयोग मातीला विचारतो, 'तू किती फुगू शकतेस?' घर बांधणाऱ्याला विचारायचे असते, 'तू येथे, या जागी, किती फुगशील?' हे दोन प्रश्न एक नव्हेत. प्रयोगात आपण माती भट्टीत पूर्ण सुकवतो आणि मग पाण्यात पूर्ण बुडवतो. जमिनीत ती किती सुकते आणि किती भिजते हे पाऊस, ऊन, भूजलाची पातळी, झाडांची मुळे आणि फुटलेले नळ ठरवतात. फुगणे हा मातीचा एकटीचा गुण नाही. माती आणि तिच्यातील पाण्याचा वर्षभरातील चढउतार, या दोन्हींचा मिळून तो परिणाम आहे. तक्त्यात पहिल्याला चार श्रेणी आहेत, दुसऱ्याला रकानाच नाही.

खाचर आणि खाजण

ही त्रुटी ठाणे-कल्याण पट्ट्यात कशी अंगाशी येते ते पाहू. येथील डोंगर बेसाल्टचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. येऊरच्या उतारावर खडक आणि मुरूम उघडाच दिसतो. घोडबंदर रस्ता ओलांडून खाडीकडे चालू लागलो की थोड्याच अंतरात खाजण लागते. कल्याण-डोंबिवलीतही असेच आहे. शिळ, निळजे, मानपाडा या बाजूला जुनी भातखाचरे. कोपर, मोठागाव, दिवा या बाजूला उल्हास नदीची खाडी आणि तिच्या काठचा गाळ.

खाचराच्या मातीत चिकणमाती भरपूर असते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि खाचर तुडुंब भरते. उरलेल्या आठ महिन्यांत ते सुकते आणि मे महिन्यात त्याला भेगा पडतात. पाण्याचा वार्षिक चढउतार मोठा, म्हणून फुगणे-आकसणेही मोठे. मात्र अनेक ठिकाणी हा थर जाड नसतो. दोन-तीन मीटर खोदले की मुरूम लागतो.

खाजणातील खारी चिकणमाती मऊ, करडी आणि कित्येक मीटर जाड असते. तिची द्रवता मर्यादा पुष्कळदा ८० च्या वर भरते. म्हणजे १९७० च्या तक्त्याप्रमाणे ती 'अति जास्त' फुगणारी ठरते. प्रत्यक्षात ती जागेवर फुगत नाही, कारण ती बाराही महिने पाण्याने भरलेली असते. ज्याचे पोट भरलेले आहे तो आणखी काय पिणार? शिवाय तिच्यातील पाणी खारे असते, आणि क्षार वाढले की मॉन्टमोरिलोनाइटचे फुगणे कमी होते. प्रयोगात आपण ऊर्ध्वपातित पाणी वापरतो आणि तो क्षार पातळ करून टाकतो. म्हणजे भट्टीत घालून तिची ओल काढली, गोड्या पाण्यात घालून तिचा खारेपणा काढला, आणि मग तिला तिच्या स्वभावाबद्दल विचारले!

खाजणाचा खरा दोष उलटा आहे. त्यावर भराव टाकला किंवा इमारतीचे वजन आले की कणांमधील पाणी हळूहळू बाहेर पिळले जाते आणि जमीन खचते. कार्ल टेरझाघी यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात या क्रियेचे गणित मांडले. त्यातून निघणारी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : खचण्यास लागणारा काळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर काळ चौपट. म्हणून खाजणावरचा भराव वर्षानुवर्षे खचत राहतो. खडकापर्यंत पाइल घातलेली इमारत जागेवर राहते आणि तिच्याभोवतीचे अंगण खाली जाते. जोत्याच्या पायऱ्या सुटतात आणि सांडपाण्याचे नळ तुटतात.

कंद असलेला खांब

आता तिसरे मानक. फुगणाऱ्या जमिनीत घर बांधण्याची ही रीत भारतात रुजवण्याचे श्रेय रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेला आणि तेथील दिनेश मोहन यांना आहे. कल्पना सुंदर आहे. मातीच्या वरच्या थरातच ओलाव्याचा मोठा चढउतार होतो. त्याखाली ओल जवळजवळ स्थिर असते. म्हणून घराचे वजन त्या स्थिर थरात नेऊन सोडायचे. वरची माती फुगताना खांबाला कडेने धरून वर ओढते, तेव्हा तळाजवळचा कंद नांगरासारखा अडकून राहतो. कंदाचा व्यास सामान्यतः खांबाच्या व्यासाच्या अडीच पट असतो. फुगणाऱ्या मातीचा थर खोल असेल तेथे खांब जमिनीखाली किमान ३.५ मीटर असावा, आणि खांबांना जोडणारी तुळई जमिनीपासून किमान ८० मिलिमीटर वर मोकळी ठेवावी, असे मानक सांगते. माती फुगली तरी ती या पोकळीत फुगेल, तुळईला ढकलणार नाही. हलक्या घरासाठी कमी सिमेंटमध्ये आणि हाताने चालवायच्या अवजारांनी करता येईल असा हा उपाय आहे. भारतीय संशोधनाने सामान्य माणसाला दिलेल्या चांगल्या गोष्टींत आम्ही त्याची गणना करतो.

मग तक्रार कशाबद्दल? पहिली तक्रार मानकापेक्षा त्याच्या वापराबद्दल आहे. याच मानकात पुढे असेही म्हटले आहे की फुगणाऱ्या मातीचा थर उथळ असून खाली चांगला टणक थर किंवा खडक असेल तर कमी लांबीचे खांब चालतील. आणि नव्या भरावात किंवा कमकुवत थरात खांब तो थर ओलांडून खालच्या चांगल्या थरावर टेकले पाहिजेत. पहिले वाक्य खाचराला लागू पडते, दुसरे खाजणाला. आमच्या पाहण्यात आलेल्या काही माती परीक्षण अहवालांत मात्र '३.५ मीटर' हा आकडा मंत्रासारखा उतरवलेला होता. ही दोन वाक्ये कोठेच नव्हती. ज्या खाचरात दोन मीटरवर मुरूम आहे तेथे साधा फुटिंगचा पाया मुरुमात नेऊन ठेवणे अधिक सोपे आणि स्वस्त पडते.

दुसरी तक्रार मानकाबद्दलच आहे. खाचरात माती खांबाला वर ओढते. खाजणात भराव खचताना तीच माती खांबाला खाली ओढते. कंद हा वर जाणाऱ्या ओढीचा उपाय आहे. खाली जाणाऱ्या ओढीला तो उपाय नव्हे. तेथे खांबाचे टोक घट्ट थरावर टेकलेले हवे. शिवाय मऊ, पाण्याने भरलेल्या मातीत कंदासाठी कोरलेली पोकळी ढासळते. ती टिकवण्यासाठी बेंटोनाइटचे पाणी भरावे लागते, म्हणजे फुगणाऱ्या खनिजाचाच आधार घ्यावा लागतो! ही दिशांची उलटापालट मानकाने एका आकृतीत शेजारी शेजारी दाखवली असती तर चूक करणे अवघड झाले असते.

तिसरी गोष्ट ८० मिलिमीटरच्या पोकळीची. नियम पाळायचा तर त्याचे कारण गवंड्यापर्यंत पोचले पाहिजे. कारण ठाऊक नसलेल्या गवंड्याला ती पोकळी म्हणजे राहून गेलेले काम वाटते. तो प्रामाणिकपणे तीत डबर आणि राबिट ठासून भरतो. पुढच्या पावसाळ्यात माती फुगते आणि भरलेल्या पोकळीतून तुळईला वर रेटते. बैठ्या घराचा जमिनीवरचा भार दर चौरस मीटरला साधारण तीन ते पाच टन असतो. काळ्या मातीचा फुगण्याचा दाब त्याच्या कितीतरी पट असू शकतो. सात मजली इमारत तो दाबून ठेवू शकते, शाळेची एकमजली खोली ठेवू शकत नाही.

मुरुमाची गादी

फुगणाऱ्या मातीवरचा दुसरा भारतीय उपाय आपल्या जवळच, पवईच्या आयआयटीत तयार झाला. प्रा. आर. के. कट्टी यांनी भारतीय भूतंत्र संस्थेच्या पहिल्या वार्षिक व्याख्यानात काळ्या मातीवरील आपले दीर्घ संशोधन मांडले; ते १९७९ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांचे निरीक्षण असे की काळी माती भिजल्यावरही सुमारे मीटरभर खोलीच्या खाली तिचे आकारमान फारसे बदलत नाही. मग वरची मीटरभर माती काढून तेथे न फुगणारी पण चिकटपणा असलेली माती, उदाहरणार्थ योग्य प्रतीचा मुरूम, दाबून घातली तर? प्रयोगांत फुगणे खूपच आटोक्यात आले. कालव्यांच्या अस्तरीकरणासाठीच्या आयएस ९४५१ या मानकात ही पद्धत समाविष्ट झाली.

या कामाचे मोठेपण मान्य करूनही एक आक्षेप नोंदवला पाहिजे. कालवा बराच काळ भिजलेला असतो. घराखालची जमीन दर वर्षी भिजते आणि सुकते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील के. एस. सुब्बा राव यांनी २००० साली दाखवून दिले की अशी गादी पहिल्या भिजण्याच्या वेळी चांगली काम करते, पण ओल्या-सुक्या आवर्तनांबरोबर तिचा प्रभाव कमी कमी होत जातो. म्हणून केवळ गादी घालून भागत नाही. जोत्याभोवती पक्की फरसबंदी, तिला बाहेरच्या बाजूला उतार आणि न गळणारी गटारे, असा पाण्याचा चढउतार कमी करणारा बंदोबस्त तिच्या जोडीला हवा. कालव्याचा उपाय घराला लावताना परिस्थितीतील हा फरक विचारात घेतलाच पाहिजे. नेमका तोच प्रश्न पुन्हा समोर येतो : पाणी वर्षभरात किती बदलते?

दोष मातीचा की माणसांचा?

या प्रश्नाला सामाजिक बाजूही आहे. १९७३ साली जोन्स आणि होल्ट्झ या अभियंत्यांनी अमेरिकेतील फुगणाऱ्या मातीमुळे होणारे नुकसान वर्षाला सुमारे २३० कोटी डॉलर असल्याचा अंदाज दिला आणि या संकटाला 'छुपे' म्हटले. ते छुपे असते, कारण ही माती माणसे मारत नाही. ती भिंती फोडते, दारे अडकवते, फरशा उचलते. इमारत अचानक कोसळते तेव्हा बहुधा कारण दुसरे असते. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे चर्चा झाली ती निकृष्ट आणि बेकायदा बांधकामाची, फुगणाऱ्या मातीची नव्हे. ठाण्या-कल्याणातील कित्येक इमारतींत स्लॅब आणि कॉलम फुटतात ते आतील सळ्या गंजल्यामुळे; खाडीची न धुतलेली वाळू वापरली असेल तर हे लवकर घडते.

म्हणून 'येथली जमीनच खराब आहे' हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. कधी ते खरे असते, कधी ते निष्काळजीपणावरचे पांघरूण असते. रहिवाशांना यातले खरेखोटे करता येत नाही, आणि अहवालात 'अति जास्त फुगणारी माती' असा शेरा असला की वाद तेथेच मिटतो. तक्त्यातील एका शब्दावर एखाद्या कुटुंबाची जन्मभराची पुंजी अवलंबून असू शकते. त्यामुळे तो शब्द कोठून आला हे विचारण्याचा हक्क सामान्य माणसाला आहे.

शाळेत काय करता येईल

हे विचारायला शिकवण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, दोन मोजपात्रांचा प्रयोग. खाचराची, खाडीकाठची आणि डोंगरउताराची अशा तीन माती मुलांकडून आणवाव्यात. भट्टी नसेल तर मे महिन्याच्या उन्हात चार-पाच दिवस सुकवून, कुटून, वस्त्रगाळ कराव्यात. रॉकेल न मिळाल्यास रंगाच्या दुकानातील मिनरल टर्पेंटाइन चालेल. निर्देशांक मानकाबरहुकूम येणार नाही, पण तुलना कळेल. जवळ ज्योत मात्र नको. शक्य असल्यास थोडे बेंटोनाइट घेऊन ते गोड्या आणि मिठाच्या पाण्यात शेजारी शेजारी ठेवावे. क्षारांचा परिणाम डोळ्यांनी दिसेल. बेंटोनाइट १० ग्रॅमऐवजी दोन-तीन ग्रॅमच घ्यावे, नाहीतर ते सगळे पात्र व्यापून टाकते.

दुसरा मार्ग भेगांच्या नोंदवहीचा. शाळेच्या किंवा घराच्या भिंतीवरील भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने एकेक बारीक खूण करावी आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांमधील अंतर मोजून तारखेसह लिहावे. वर्षभराचा आलेख काढला की मातीचा स्वभाव बोलू लागतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल, म्हणजे ऋतूबरोबर उघडझाप करीत असेल, तर माती फुगत-आकसत आहे असा संशय घ्यावा. भेग ऋतू न पाहता एकाच दिशेने वाढत असेल तर जमीन खचत असावी. भेग सळईच्या रेषेत असून तिच्याभोवती तांबूस डाग असेल तर तो गंज आहे. गच्चीच्या पातळीवरची आडवी भेग बहुधा उन्हाने तापणाऱ्या स्लॅबची असते. हा निदानाचा शेवटचा शब्द नव्हे. अभियंत्याला बोलावण्याची वेळ आली की त्याच्यापुढे ठेवण्याचा पुरावा आहे. बारा महिन्यांच्या अशा नोंदी कोणत्याही एका दिवसाच्या पाहणीपेक्षा जास्त सांगतात.

आमचे मत

तिन्ही मानकांवरील आमचा अभिप्राय असा. प्रयोगाचे मानक सोपे आहे, परंतु त्याचा निर्देशांक बदलून गुणोत्तर वापरावे. वर्गीकरणाच्या तक्त्यात मातीच्या श्रेणीशेजारी आणखी एक रकाना हवा : त्या जागी मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये मातीत किती ओल असते आणि हा फरक किती खोलीपर्यंत जातो. खाजणाला आणि खाचराला एकाच शेऱ्याखाली आणणारा तक्ता कोकण किनाऱ्यावर जसाच्या तसा वापरू नये. पाइलचे मानक तिन्हींत सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले आहे. त्याचे दुर्दैव एवढेच की त्यातील आकडे वाचले जातात आणि अटी वगळल्या जातात. प्रत्येक आकड्याखाली त्याचे कारण एका ओळीत छापले तर ८० मिलिमीटरची पोकळी राबिटाने बुजणार नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या आसपासची २७ गावे २०१५ साली पुन्हा महापालिका क्षेत्रात आली, त्यांपैकी काही नंतर वगळण्याचे प्रयत्नही झाले. सीमा कोठेही आखल्या तरी तेथील खाचरांवर घरे उभी राहत आहेत. त्या घरांत राहणारी मुले आज आपल्या वर्गात बसलेली आहेत. रेगूर मातीचा धडा शिकवताना 'ती फुगते' एवढ्यावर न थांबता 'कोठे, केव्हा आणि किती?' हे तीन प्रश्न फळ्यावर लिहिले, तर मानकात राहून गेलेला रकाना निदान त्यांच्या वहीत तरी भरला जाईल.